हैले सेलासी : एका पदच्युत सम्राटाचे पुनर्मूल्यमापन

राज्यावर असलेल्या राजाचे मूल्यमापन त्याचे भाट करतात आणि राज्यावरून गेलेल्या राजाचे त्याचे शत्रू करतात. भाट आणि शत्रू हे दोघेही काळाच्या पडद्याआड गेले, म्हणजे मगच इतिहासाला आपले काम शांतपणे सुरू करता येते. राजा काळाला घडवतो की काळ राजाला, हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. परंतु ज्या राजाला क्रांतीने सिंहासनावरून खाली ओढले, त्याच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. त्याच्या मागून आलेल्यांनी जे केले, त्यामुळे त्याचे पाप हलके होते काय? इथिओपियाचा अखेरचा सम्राट हैले सेलासी याच्या चरित्राकडे आज पाहताना हाच प्रश्न प्रथम उभा राहतो.

१२ सप्टेंबर १९७४ या दिवशी सकाळी काही लष्करी अधिकारी अदिस अबाबा येथील राजवाड्यात गेले आणि त्यांनी ब्याऐंशी वर्षांच्या वृद्ध सम्राटाला पदच्युतीचा हुकूम वाचून दाखवला. नंतर त्याला एका लहानशा फोक्सवॅगन मोटारीत मागच्या आसनावर बसवून नेण्यात आले. राजा सॉलोमन आणि शेबाची राणी यांच्यापासून आपला वंश चालत आला आहे, असे हे घराणे सांगत असे. १९५५ च्या राज्यघटनेत तर ही वंशकथा कलम म्हणूनच घालण्यात आली होती. इतक्या मोठ्या गतवैभवाचा शेवट इतक्या लहान वाहनात व्हावा, यातली नाट्यमयता कोणाच्याही ध्यानात येण्यासारखी आहे. तथापि इतिहासाला नाट्यापेक्षा कारणांची चाड अधिक असावी लागते.

इथिओपिया हा देश मराठी माणसाला वाटतो तितका परका नाही. आपल्या जुन्या कागदपत्रांतील ‘हबसाण’ तो हाच. अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर याच भूमीतून गुलाम म्हणून बाहेर पडला होता, आणि जंजिऱ्याच्या सिद्दींचे मूळही तिकडेच शोधावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय राष्ट्रांनी आफ्रिका खंड आपसांत वाटून घेतला, तेव्हा या एका राज्याने ती वाटणी मानली नाही. १ मार्च १८९६ रोजी अदुवाच्या रणांगणावर सम्राट मेनेलिकच्या सैन्याने इटलीच्या फौजेचा निर्णायक पराभव केला. काळ्या वर्णाच्या राष्ट्राने युरोपीय सत्तेवर मिळवलेल्या या विजयाचे पडसाद सगळ्या पराधीन जगात उमटले. त्या वेळी हरार प्रांताचा अधिपती रास माकोन्नेन याचा मुलगा तफारी हा अवघा तीन वर्षांचा होता. हाच तफारी पुढे हैले सेलासी झाला.

तफारीची वाढ दरबारी कारस्थानांच्या छायेत झाली. १९१६ मध्ये मेनेलिकचा नातू इयासू याला सरदारांनी आणि धर्माधिकाऱ्यांनी पदच्युत केले आणि मेनेलिकची कन्या झौदितू हिला गादीवर बसवले. तफारी राज्याचा पालक आणि वारस ठरला. म्हणजे एका पदच्युतीमधूनच त्याचा उदय झाला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढील चौदा वर्षे त्याने मोठ्या संयमाने एकेक प्रतिस्पर्धी बाजूला सारला. शाळा काढली, छापखाना चालवला, वृत्तपत्र सुरू केले, होतकरू मुले परदेशी शिक्षणाला पाठवली. १९२३ मध्ये इथिओपियाला राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळाले, तेही प्रामुख्याने त्याच्याच खटपटीने. २ नोव्हेंबर १९३० रोजी त्याचा राज्याभिषेक झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने देशाला पहिली लिखित राज्यघटना दिली. ती जपानच्या मेइजी घटनेवरून बेतलेली होती. तिच्यात दोन सभागृहे होती, मंत्री होते. पण सर्व सत्तेचा उगम आणि शेवट सम्राटाच्याच ठायी होता. त्या काळच्या सरंजामी इथिओपियात एवढेही पाऊल धीटपणाचे होते, हे मान्य केले पाहिजे. अडचण एवढीच, की प्रारंभी जे पहिले पाऊल होते तेच पुढे चाळीस वर्षे जवळजवळ शेवटचे ठरले.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या फौजा इथिओपियात घुसल्या. अदुवाचा सूड घेण्यासाठी आलेल्या या सैन्यापाशी विमाने होती, रणगाडे होते आणि मस्टर्ड वायू होता. विषारी वायू न वापरण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर इटलीची सही होती. तरी सैनिकांवर आणि खेड्यांवर तो वायू सोडण्यात आला. राष्ट्रसंघाने इटलीला आक्रमक ठरवले, काही आर्थिक निर्बंध घातले; मात्र ज्याच्यावाचून युद्ध चालू शकत नाही ते खनिज तेल निर्बंधांतून वगळले आणि सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना खुलाच राहिला. मार्च १९३६ अखेर मायचेव येथे सम्राटाच्या सैन्याचा पराभव झाला. मे महिन्याच्या प्रारंभी त्याने देश सोडला आणि ५ मे रोजी इटालियन सैन्य राजधानीत शिरले.

३० जून १९३६ रोजी हा राज्यहीन राजा जिनेव्हा येथे राष्ट्रसंघापुढे उभा राहिला. प्रेक्षागारातील इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून गोंधळ घातला. त्यांना बाहेर काढावे लागले. सम्राट आपल्या अम्हारिक भाषेत बोलला. त्याच्या भाषणाचा आशय असा होता, की प्रश्न एका इथिओपियाचा नाही, तर बलवानांनी दुर्बलांना दिलेल्या वचनाला काही किंमत आहे की नाही, हा आहे. सभागृहाने ते ऐकून घेतले आणि थोड्याच दिवसांत इटलीवरील निर्बंध उठवले. पुढे तीनच वर्षांनी सारा युरोप युद्धाच्या खाईत पडला, तेव्हा जिनेव्हातील त्या कृश, दाढीधारी माणसाचे म्हणणे किती खरे होते, हे जगाला कळून चुकले. हैले सेलासीच्या कीर्तीचा पाया येथे आहे. त्याचे कडव्यातले कडवे टीकाकारही हा पाया उखडू शकलेले नाहीत.

या प्रसंगाचीही दुसरी बाजू आहे. राजाने रणांगणावर मरावे, देश सोडू नये, असे मानणारे इथिओपियात पुष्कळ होते. सम्राट इंग्लंडमध्ये बाथ या गावी विजनवासात असताना देशातील डोंगरदऱ्यांत देशभक्तांच्या टोळ्या पाच वर्षे लढत राहिल्या. फेब्रुवारी १९३७ मध्ये इटालियन राज्यप्रतिनिधी ग्रात्सियानी याच्यावर बॉम्ब टाकला गेला, तेव्हा त्याचा सूड म्हणून अदिस अबाबात हजारो नागरिकांची कत्तल झाली. ही किंमत मोजणारे लोक राजाबरोबर इंग्लंडला गेले नव्हते. १९४१ मध्ये ब्रिटिश, भारतीय आणि आफ्रिकी सैन्याने इटालियनांची सत्ता मोडली. एरिट्रियातील केरेनच्या डोंगराळ लढाईत चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजनांनी पराक्रम केला आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीनेही तेथे आपले रक्त सांडले. ५ मे १९४१ रोजी, म्हणजे राजधानी पडल्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, सम्राट अदिस अबाबात परतला. इटालियनांवर सूड घेऊ नका, असे त्याने प्रजेला बजावले, हे त्याला भूषणावह होते. परंतु इटालियनांशी हातमिळवणी केलेल्या कित्येकांना पुढे अधिकारपदे मिळाली आणि बलाय झेलेके यासारख्या नामांकित देशभक्त सेनानीला १९४५ मध्ये बंडाच्या आरोपावरून फाशी देण्यात आली. ही सल लोकांच्या मनातून गेली नाही.

युद्धोत्तर तीस वर्षांच्या कारकिर्दीत जमेच्या बाजूस बरेच काही मांडता येते. १९४२ मध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली. शिक्षणाचे खाते सम्राटाने दीर्घकाळ स्वतःकडे ठेवले होते. १९५० मध्ये राजधानीत महाविद्यालय निघाले आणि १९६१ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. त्या विद्यापीठासाठी त्याने आपला एक राजवाडा देऊन टाकला. शाळाशाळांतून शिकवण्यासाठी भारतातून शिक्षक गेले आणि इथिओपियाच्या कित्येक पिढ्यांनी गणिताचे आणि विज्ञानाचे पहिले धडे भारतीय गुरूंच्या हाताखाली गिरवले. १९५६ मध्ये सम्राटाने भारताला भेट दिली. हरार येथील सैनिकी अकादमीच्या उभारणीत भारतीय सेनाधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. १९६३ च्या मे महिन्यात अदिस अबाबात आफ्रिकी ऐक्य संघटनेची स्थापना झाली. घाना आणि गिनीसारखी उतावीळ राष्ट्रे एका बाजूला, सावध राष्ट्रे दुसऱ्या बाजूला, अशी त्या वेळी फळी पडली होती. ती सांधण्याचे काम या वयोवृद्ध सम्राटाने केले. त्याच वर्षी अल्जीरिया आणि मोरोक्को यांच्यातील युद्धात आणि १९७२ मध्ये सुदानच्या यादवीत त्याने मध्यस्थी केली. नवस्वतंत्र आफ्रिकेला वडीलधारा पुरुष हवा होता. तो तिला या राजात सापडला.

आता खर्चाची बाजू पाहिली पाहिजे. देशातील बहुसंख्य लोक शेतकरी होते. दक्षिणेकडील प्रांतांत जमिनीचा फार मोठा हिस्सा राजघराणे, सरदार, धर्मपीठ आणि शासनाचे मर्जीतले अधिकारी यांच्याकडे होता. कुळाला पिकाचा अर्धा वाटा आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक जमीनदाराला द्यावा लागे. शिवाय वेठ होतीच. कसेल त्याची जमीन या आशयाची घोषणा देत विद्यार्थी १९६५ मध्ये रस्त्यावर आले. कुळांच्या संरक्षणाचे विधेयक तयार झाले. पण ते संसदेत रखडले आणि रखडतच राहिले, कारण संसद ही जमीनदारांनी भरलेली होती. १९५५ च्या सुधारित घटनेने प्रौढ मतदान दिले होते. मात्र राजकीय पक्ष काढण्यास वाव नव्हता आणि वृत्तपत्रे नियंत्रणाखाली होती. मत देण्याचा अधिकार आहे, पण मत मांडण्याचा नाही, अशी ती विचित्र लोकशाही होती.

डिसेंबर १९६० मध्ये सम्राट ब्राझीलच्या दौऱ्यावर असताना मेंगिस्तू नेवाय आणि गर्मामे नेवाय या बंधूंनी बंड केले. मेंगिस्तू हा खुद्द शाही रक्षकदलाचा सेनापती आणि गर्मामे हा अमेरिकेत शिकून आलेला अधिकारी होता. म्हणजे ज्या नव्या शिक्षणाचा वृक्ष सम्राटाने लावला, त्याचीच ही फळे होती. बंड काही दिवसांत चिरडले गेले. गर्मामे मेला आणि सेनापतीला फासावर चढवण्यात आले. सुज्ञ राज्यकर्त्याला ही धोक्याची घंटा पुरेशी होती. सम्राटाने काही किरकोळ फेरफार केले. परंतु वारसाचा प्रश्न, जमिनीचा प्रश्न आणि जबाबदार मंत्रिमंडळाचा प्रश्न हे तिन्ही पुढे ढकलले. शिकलेले तरुण तयार करायचे आणि त्यांना विचार करण्यासाठी मात्र जागा ठेवायची नाही, हा विसंगत कारभार फार काळ चालणे शक्य नव्हते.

त्याच्या कारकिर्दीवरील सर्वांत गंभीर आरोप एरिट्रियाचा आहे. इटलीची ही जुनी वसाहत संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावाने १९५२ मध्ये इथिओपियाशी संघराज्याच्या नात्याने जोडली गेली. तिला स्वतःचे विधिमंडळ, ध्वज आणि भाषा यांची हमी होती. दहा वर्षांत या हमीचे एकेक कलम झिजवण्यात आले. ध्वज उतरवला गेला, भाषा मागे पडल्या आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये दडपणाखालील विधिमंडळाकडून संघराज्य मोडून घेऊन एरिट्रियाला साधा प्रांत करण्यात आले. आंतरराष्ट्रीय वचनाच्या पावित्र्यासाठी जिनेव्हात उभ्या राहिलेल्या राजानेच हे वचन मोडले आणि संयुक्त राष्ट्रसंघ १९३६ च्या राष्ट्रसंघाप्रमाणेच गप्प राहिला. त्यातून पेटलेले युद्ध तीस वर्षे चालले आणि १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला, तेव्हा इथिओपिया समुद्रकिनाऱ्याला मुकला. एका मोडलेल्या वचनाची ही किंमत होती, आणि ती राजाने नव्हे, दोन्हीकडच्या शेतकऱ्यांच्या मुलांनी मोजली.

तरीही सिंहासन पडले ते एरिट्रियामुळे नव्हे, दुष्काळामुळे. १९७२ आणि १९७३ मध्ये ईशान्येकडील वोलो प्रांतात पावसाने दगा दिला. मृतांचे अंदाज ४० हजारांपासून २ लाखांपर्यंत दिले जातात. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात या प्रकरणाची चिकित्सा केली आहे. देशाच्या एकूण धान्य उत्पादनात त्या वर्षी फार मोठी घट नव्हती. वोलोच्या बाजारातील भावही भडकले नव्हते. वोलोच्या शेतकऱ्याचे पीक बुडाले, गुरे मेली, आणि त्याच्यापाशी धान्य विकत घेण्याची ताकदच उरली नाही. उलट वोलोतून काही धान्य बाहेर जात होते, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे अन्न नव्हते म्हणून नव्हे, तर अन्नावर हक्क सांगता येत नव्हता म्हणून माणसे मेली. १९७३ च्या प्रारंभी राजधानीकडे पायी निघालेल्या वोलोच्या शेतकऱ्यांना वाटेत अडवून परत पाठवण्यात आले. विद्यापीठातील काही अध्यापकांनी वोलोत जाऊन छायाचित्रे आणली, तेव्हा शासनाचा रोष ओढवला. परकीय राष्ट्रांपुढे देशाची अब्रू जाऊ नये, या एका चिंतेपायी मदतीची हाक देण्यास विलंब झाला.

याच दोन वर्षांत महाराष्ट्रातही भीषण अवर्षण पडले होते, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. १९७२-७३ च्या त्या दुष्काळात महाराष्ट्रातील पिके लागोपाठ बुडाली, गावेच्या गावे खडी फोडण्याच्या कामांवर गेली. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली होती. हाल झाले, उपासमार झाली; परंतु वोलोसारखा संहार झाला नाही. फरक पर्जन्यात नव्हता. महाराष्ट्रात विधानसभेत प्रश्न विचारणारे विरोधक होते, मोर्चे काढणाऱ्या मजूर स्त्रिया होत्या, छायाचित्रे छापणारी वृत्तपत्रे होती आणि तहसीलदारापासून सचिवालयापर्यंत कोणाला तरी उत्तर द्यावे लागत होते. पुढे याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला. वोलोतील अधिकाऱ्याला मात्र खालच्या माणसाला उत्तर द्यायचे नव्हते. त्याला केवळ वरच्याची मर्जी सांभाळायची होती. ज्या राज्यात वाईट बातमी सांगणे हा बेअदबीचा प्रकार ठरतो, तेथे चांगल्या बातम्यांचा सुकाळ आणि धान्याचा दुष्काळ एकाच वेळी नांदू शकतात. राजाला सगळे ठाऊक होते काय, हा वाद अजून चालतो. पण तो दुय्यम आहे. ठाऊक असेल तर तो निष्ठुर होता. ठाऊक नसेल तर त्याने स्वतःभोवती असा दरबार जमवला होता, की जेथे सत्याला आत येण्याची वाटच नव्हती. दोन्ही पक्षी जबाबदारी त्याचीच राहते.

ऑक्टोबर १९७३ मध्ये इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर वोलोच्या दुष्काळाचा चित्रपट दाखवला गेला. १९७४ च्या आरंभापासून सैनिकांत असंतोष माजला. पाठोपाठ शिक्षक, टॅक्सीचालक, कामगार रस्त्यावर उतरले. जूनमध्ये सैनिकांची समिती, म्हणजे देर्ग, स्थापन झाली आणि तिने सत्तेचा एकेक दोर हातात घेतला. पदच्युतीच्या आदल्या रात्री देर्गने तोच दुष्काळाचा चित्रपट इथिओपियाच्या दूरचित्रवाणीवर दाखवला. मात्र भुकेल्या मुलांच्या चेहऱ्यांमध्ये राजवाड्यातील मेजवान्यांची दृश्ये जोडून दाखवली. दुसऱ्या दिवशी राजासाठी कोणी रस्त्यावर आले नाही.

क्रांतीने न्यायाचे वचन दिले होते. तिचा काही भाग तिने पाळलाही. मार्च १९७५ मध्ये सर्व शेतजमीन राष्ट्राची झाली आणि जमीनदारी एका फटक्यात संपली. १९७९ मध्ये सुरू झालेल्या साक्षरता मोहिमेची युनेस्कोने दखल घेतली. परंतु न्यायाची दुसरी अर्धी बाजू, म्हणजे आरोपीला बोलू देणे, ही क्रांतीला पहिल्यापासूनच मानवली नाही. २३ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री सुमारे साठ माजी मंत्री, सेनापती आणि सरदार यांना चौकशीविना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत दोन माजी पंतप्रधान होते. ऑगस्ट १९७५ मध्ये सम्राट मरण पावल्याचे जाहीर झाले आणि शस्त्रक्रियेनंतरचे आजारपण हे कारण सांगितले गेले. त्याचा गुदमरवून वध करण्यात आला, अशा साक्षी पुढे न्यायालयात झाल्या. त्यानंतर मेंगिस्तू हैले मरियम याच्या हाताखाली १९७७-७८ ची लाल दहशत आली. त्यात हजारो तरुण मारले गेले. त्यांतले कित्येक तर राजाविरुद्ध घोषणा देणारेच होते. १९८४ च्या सप्टेंबरात क्रांतीचा दशवार्षिक उत्सव थाटामाटात साजरा झाला, त्याच वेळी उत्तरेत पुन्हा दुष्काळाने माणसे मरत होती, आणि ती बातमी पुन्हा झाकून ठेवण्यात आली होती. त्या दुष्काळातील मृतांचे अंदाज ४ लाखांपासून १० लाखांपर्यंत आहेत. मेजवानीची दृश्ये दाखवून राजाला खाली ओढणाऱ्यांनी दहा वर्षांत तीच मेजवानी मांडावी, याहून मोठा उपहास इतिहासात विरळा.

मे १९९१ मध्ये मेंगिस्तू झिम्बाब्वेला पळाला आणि देर्गची सत्ता कोसळली. १९९२ मध्ये राजवाड्याच्या आवारातील फरशीखालून सम्राटाचे अवशेष काढण्यात आले. त्यांचे विधिपूर्वक दफन होण्यास ५ नोव्हेंबर २००० हा दिवस उजाडावा लागला. आणि तेव्हाही शासनाने त्याला राजकीय इतमाम दिला नाही. २००६ मध्ये इथिओपियाच्या न्यायालयाने मेंगिस्तूला त्याच्या अनुपस्थितीत वंशसंहाराच्या गुन्ह्याबद्दल दोषी ठरवले. दूरच्या जमैकात हैले सेलासीला देवावतार मानणारा रास्ताफारी पंथ वाढत होता. संयुक्त राष्ट्रसंघातील त्याच्या १९६३ च्या भाषणातील विचार बॉब मार्ली या गायकाच्या गीतातून जगभर गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये आफ्रिकी संघाच्या अदिस अबाबा येथील मुख्यालयात त्याचा पुतळा उभारला गेला. परंतु पुढच्याच वर्षी, ओरोमो गायक हाचालू हुंडेसा याच्या हत्येनंतर उसळलेल्या क्षोभात, हरार येथील त्याच्या पित्याचा पुतळा पाडण्यात आला आणि लंडनच्या एका उद्यानातील त्याचा अर्धपुतळाही फोडला गेला. एकाला जो राष्ट्राचा शिल्पकार वाटतो, तोच दुसऱ्याला आपली भाषा आणि जमीन हिरावून घेणाऱ्या साम्राज्याचा पुतळा वाटतो. म्हणजे हा निव्वळ भूतकाळाचा वाद नाही. इथिओपिया हा देश कोणाचा, हाच तो वाद आहे.

अशा वेळी दोन तर्कदोष टाळले पाहिजेत. पहिला दोष असा, की मागून आलेले अधिक क्रूर निघाले, म्हणून आधीचा भला होता असे मानणे. मेंगिस्तूच्या काळातील प्रेतांची संख्या वोलोतील प्रेतांची संख्या कमी करीत नाही. उलट, मेंगिस्तूचा उदय शक्य का झाला, याचे उत्तर राजाच्याच कारभारात शोधावे लागते. पक्ष नाहीत, स्वतंत्र वृत्तपत्र नाही, समर्थ संसद नाही, वारसही निश्चित नाही. मग राजाचा हात थरथरू लागला तेव्हा सत्ता पेलण्यास लष्कराखेरीज दुसरी कोणतीही संस्था देशात शिल्लक नव्हती. दुसरा दोष याच्या उलट आहे. राजा दोषी होता, म्हणून त्याच्या विरुद्ध जे जे झाले ते सारे न्याय्य ठरते, असे मानणे. पदच्युत राजावर उघड न्यायासनापुढे खटला चालला असता, तर वोलोचे आणि एरिट्रियाचे सत्य कागदावर आले असते. क्रांतीने त्याला मारून त्याचा अपराध सिद्ध केला नाही. त्याच्या अपराधाचा पुरावा मात्र त्याच्याबरोबर पुरला. त्याच रिकाम्या जागेत पुढे दंतकथा वाढल्या, काही भक्तांच्या आणि काही शत्रूंच्या. पोलिश पत्रकार कापुश्चिन्स्की याने १९७८ मध्ये लिहिलेले या दरबाराचे प्रसिद्ध चित्रणही कितपत विश्वासार्ह आहे, याविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. खटला न झालेल्या राजाचा निकाल अखेर कादंबरीवजा पुस्तकांतून लागतो.

मग या माणसाविषयी समतोल निर्णय कोणता? त्याने आपल्या देशाला जगाच्या नकाशावर मानाचे स्थान दिले आणि पराधीन आफ्रिकेला ताठ मानेने उभे राहण्याचे उदाहरण घालून दिले. हे ऋण फेडण्यासारखे नाही. परंतु परराष्ट्रांच्या सभेत त्याने ज्या तत्त्वाची मागणी केली, तेच तत्त्व घरात अमलात आणण्याची त्याला गरज भासली नाही. दुर्बलाला दिलेले वचन पाळले पाहिजे, हे तत्त्व इथिओपियासाठी खरे असेल, तर ते एरिट्रियासाठीही खरे होते. दुर्बलाची हाक बलवानांनी ऐकली पाहिजे, हे जिनेव्हात खरे असेल, तर ते वोलोतही खरे होते. त्याची शोकांतिका सिंहासन गमावण्यात नाही. आपल्याच सर्वोत्तम भाषणाला तो स्वतः पुरा पडला नाही, यात ती आहे.

आणि हाच मापदंड त्याच्या मागून आलेल्यांनाही लावला पाहिजे. राजा जातो, समिती येते. मुकुट जातो, लष्करी टोपी येते. वोलोच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न राज्य कोणाचे हा नसतो. आपले पीक बुडाले ही बातमी राजधानीपर्यंत पोहोचेल काय, पोहोचली तर ती कोणाला तरी ऐकावी लागेल काय, आणि ऐकणाऱ्याने ती दडपली तर त्याला जाब विचारता येईल काय, एवढेच त्याचे तीन प्रश्न असतात. १९७३ मध्ये या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी होती; १९८४ मध्येही ती नकारार्थीच राहिली. पदच्युत सम्राटाचे पुनर्मूल्यमापन करताना त्याच्या पुतळ्याची उंची मोजण्यापेक्षा ही तीन उत्तरे तपासणे अधिक उपयोगाचे आहे, आणि ते केवळ इथिओपियापुरते खरे नाही.